जावळाचा हिरा

कोळसा, पेन्सिलीतलं शिसं आणि हिरा ही एकाच कार्बनची तीन रूपं आहेत, असं मी मानवतच्या शाळेत नववीच्या पोरांना दरसाल सांगतो. पोरं लिहून घेतात, मी फळा पुसतो, घंटा होते. या वाक्यानं आजवर कुणाचं काही वाकडं झालेलं नव्हतं. पण हेच वाक्य माणसानं सोयरिकीच्या बैठकीत, तोंडात चिवड्याचा बकाणा असताना, निव्वळ व्याह्यावर छाप पाडायला म्हणून टाकलं तर केवढा अनर्थ होतो, हे मला कुठल्याच पाठ्यपुस्तकानं सांगितलं नव्हतं. मी अजून त्या धक्क्यातून उठलेलो नाही.

बैठक वालूरला होती. माझा मुलगा विरेश पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याला वालूरच्या महारुद्रअप्पांची ईश्वरी पसंत पडली होती, आणि मुख्य म्हणजे तिलाही तो पसंत पडला होता. मुख्य म्हणजे असं म्हणतो, कारण ऐन सव्विशीत विरेशच्या डोक्यावर केस राहिलेले नाहीत. कानाच्या वर थोडे आहेत, ते तो टोपीखाली जपतो. घराण्याचा दोष म्हणावा तर माझ्याकडं बघा, आम्हा बापलेकांना न्हाव्याचा खर्चच नाही. महारुद्रअप्पांचं वालूरच्या बाजारात कापडाचं दुकान आहे. माणूस बोलतो तेही कापड फाडल्यासारखं, मोजून आणि सरळ.

"गुरुजी, देणंघेणं काई न्हाई," अप्पा म्हणाले. "पण साखरपुड्याला आमच्या ईश्वरीच्या बोटात हिरा पायजे. भाऊबंद बगायलेत."

आता इथं 'बरं' म्हणून गप बसावं की नाही? पण शिक्षकाच्या जिभेला हाड नसतं. मी म्हणालो, "हिरा म्हणजे काय हो अप्पा शेवटी? कार्बन! तो काय, आपल्या केसांतसुद्धा असतो."

अप्पांनी माझ्या डोक्याकडं बघितलं आणि विषय बदलला. पण माझ्या बायकोनं, राजेश्रीनं, तो बदलला नाही. परतीच्या गाडीत तिनं विचारलं, "अहो, केसांचा खरंच हिरा होतो का?"

"तत्त्वतः होतो," मी म्हणालो.

हा 'तत्त्वतः' बायकांसमोर कधी वापरू नये. त्यांना तो ऐकूच येत नाही, 'होतो' तेवढं ऐकू येतं. मागच्या सीटवर विरेशनं तेवढ्यात मोबाईल काढून शोधलंसुद्धा. सुरतेकडं एक प्रयोगशाळा आहे म्हणे, माणसाच्या केसांतला कार्बन काढून त्याचा हिरा पिकवून देतात. लोक आईबापांच्या केसांचे, लेकरांच्या केसांचे हिरे करून घेतात. राजेश्रीनं माझा दंड असा धरला की वळ उठले.

"विरेशचं जावळ!" ती म्हणाली.

विरेशच्या जावळाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडं लेकराचे पहिले केस काढले की ते गंगेला सोडायचे, गंगा म्हणजे आमची गोदावरी, गंगाखेडची. पण राजेश्रीनं ते सोडू दिले नव्हते. तिचं ते पहिलं आणि पुढं एकुलतंच ठरलेलं लेकरू. तिनं ते जावळ पेढ्याच्या एका पत्र्याच्या डब्यात, लाल कापडात बांधून देवघरात ठेवलं. दरवर्षी विरेशच्या वाढदिवसाला ती तो डबा उघडते, गाठोडं तसंच नाकाला लावते, डोळे मिटते आणि म्हणते, "अजून बाळाचा वास येतो बघा." मला त्याला करडईच्या तेलाचा वास यायचा. पण संसारात काही वास बायकोला येतात तसेच नवऱ्याला यायला हवेत, म्हणून मी मान हलवायचो. पोराचं टक्कल जसजसं वाढत गेलं, तसतसा त्या डब्याचा मान वाढत गेला.

घरी येऊन राजेश्रीनं ही बातमी माझ्या आईला, नीलम्माला सांगितली. आई उंबऱ्यात बसून केस विंचरत होती. तिच्या हातातून फणी पडली.

"जाळनार?" आई म्हणाली. "लेकराचं केस जाळनार?"

"जाळणार नाहीत गं. हवा न लागू देता तापवतात. मग उरतो तो कार्बन."

"तेच ते. गुरुपाद, आपन लिंगायत हावोत. आपल्यात मेल्या मानसाला सुद्दा जाळत न्हाईत, मातीत बसवतेत. आन् तू जित्या लेकराचं केस भट्टीत घालायलास? आसलं काई माज्या घरात चालनार न्हाई."

मी चकित झालो. माझी आई मुळात केसांबद्दल फार व्यवहारी बाई. विंचरताना गळालेले केस, गुंतवळ, ती बोटाला गुंडाळून भिंतीतल्या खोबणीत साठवते, आणि गल्लीत केसांवर भांडी देणारी बाई आली की तिच्याशी तासभर हुज्जत घालून त्या बदल्यात भांडं घेते. आमच्या घरातली निम्मी भांडी आईच्या डोक्यावरून उतरलेली आहेत. चहाची गाळणी, दोन वाट्या, एक झाकणाचा डबा, सगळी तिची कमाई. अशा बाईला चार केस भट्टीत जाण्याचं एवढं दुःख व्हावं? त्या दिवशी ती जेवलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी देवघरातून डबा गायब! राजेश्रीनं रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी तो ज्वारीच्या कोठीत सापडला. आई म्हणाली, "उंदरं लय झालेत, म्हनून ठिवला." उंदरांपासून वाचवायला कुणी वस्तू ज्वारीत ठेवतं का? पण म्हातारीची नातवावर माया, असं म्हणून आम्ही गहिवरलो. इतके गहिवरलो की विचार करायचा राहून गेला.

आमचे शेजारी बन्सीधरराव एसटीत कंट्रोलर होते. आयुष्यभर बसस्थानकावर गाड्या पुकारून त्यांना हळू बोलणं जमेनासं झालंय. मी त्यांना ही गोष्ट अंगणात, अगदी कानात सांगितली. त्यांनी ती ऐकून उत्तर दिलं, आणि गल्लीला कळलं.

"केसांचा हिराऽ? गुरुजी, कामून फसायलाव! केसाचा हिरा झाला आसता तर न्हावी महालात ऱ्हायले आसते!"

संध्याकाळपर्यंत मानवतभर झालं की मास्तर घरात केस जाळून हिरे करायलाय. दूधवाल्यानं विचारलं, म्हशीच्या शेपटीचे चालतील का, लय हायत. न्हाव्यानं निरोप धाडला की पोतं भरून ठेवलंय, येऊन न्या. आणि समोरच्या कमलबाईनं आपल्या सुनेला सांगून ठेवलं की मास्तराच्या दारासमोर वेणी घालायची नाही. इतकी वर्षं ज्ञानदान केलेल्या माणसाची ही इज्जत! माझ्याच शाळेतल्या शिपायानं मला बघून डोक्यावरची टोपी घट्ट केली.

प्रयोगशाळेला सोबत एक प्रतिज्ञापत्र हवं होतं. केस कुणाचे आहेत ते लिहून द्यायचं आणि त्या माणसाचं ओळखपत्र जोडायचं. मी कचेरीसमोर झाडाखाली टेबल मांडून बसलेल्या मुद्रांकवाल्याकडं गेलो. तो म्हणाला, "शेताचं हाय, नावात बदलाचं हाय, जन्मतारखेचं हाय. केसाचा नमुना आपल्याकडं न्हाई."

"मग नवीन लिहा."

त्यानं चष्मा पुसला. "केसवाले हयात हायत का?"

"आहेत की. माझा मुलगा."

"मग ते सोता कामून येईनात?"

"ते पुण्यात आहेत. केस इथं आहेत."

हे वाक्य उच्चारताना मला स्वतःलाच कसंतरी झालं. त्यानं विरेशच्या ओळखपत्राची प्रत हातात घेतली, फोटो बघितला, माझ्या हातातल्या डब्याकडं बघितलं, पुन्हा फोटो बघितला. मग शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावून त्यांनाही दाखवला. "ह्यांचे? केस?" एवढंच तो म्हणाला, पण ज्या आवाजात म्हणाला त्यानं माझ्या घराण्याच्या सात पिढ्यांचं टक्कल चमकलं असेल. शेवटी त्यानं जमिनीच्या प्रतिज्ञापत्रात खाडाखोड करून मजकूर तयार केला. त्यात 'सदर केस निर्वेध व बोजारहित असून त्यावर अन्य कोणाचाही हक्क, हितसंबंध अथवा वहिवाट नाही' असं लिहिलेलं होतं. मी खाली सही केली. आज ते वाक्य आठवलं की मला घाम फुटतो.

गाठोडं न सोडता डबा तसाच पुडक्यात बांधून मी कुरियरला नेला. काउंटरवरच्या बाईंनी त्यात काय आहे विचारलं. मी खरं सांगितलं. त्या खुर्चीसकट मागं सरकल्या. "काका, लिंबू न्हाई ना संगं? हळदकुंकू?" मी त्यांना कार्बनची तीन रूपं समजावून सांगितली. पाठीमागं रांग वाढत गेली. रांगेतला एक गृहस्थ दुसऱ्याला म्हणाला, "शिकलेसवरलेले बी करनी करायलेत आता." शेवटी पुडकं गेलं, पण बाईंनी ते दोन बोटांनी, शेपटी धरून उंदीर न्यावा तसं नेलं.

आठवडाभरानं प्रयोगशाळेतून एका साहेबांचा फोन आला. आवाज नम्र होता. म्हणाले, जावळ म्हटल्यावर केस कमी पडतील अशी आम्हाला भीती होती, पण भरपूर आहेत. आणि लांबही बरेच आहेत, हातभर तरी असतील. लहान बाळाचे एवढे?

मी छाती फुगवली. म्हणालो, "आमच्या घराण्यात लहानपणी केस फार जोरदार असतात. पुढं जातात ती गोष्ट वेगळी." विज्ञान शिकवणारा माणूस मी! वर्षाच्या लेकराचे हातभर केस, या गोष्टीवर मला क्षणभरही शंका येऊ नये? नाही आली. पलीकडं आई भाजी निवडत होती, ती एकदम उठून न्हाणीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

साहेबांनी सगळी कृती सांगितली आणि मी ती रात्रीच्या जेवणाला घरच्यांना सांगितली. केस आधी बंद भट्टीत तापवायचे, बाकी सगळं उडून जातं आणि कार्बन उरतो. तो शुद्ध करून त्याचं पेन्सिलीतल्या शिशासारखं करायचं. मग एका मोठ्या यंत्रात खाली हिऱ्याचा बारीकसा कण बियाण्यासारखा ठेवायचा, मध्ये वितळलेला धातू, वर हा कार्बन. जमिनीच्या पोटात असतो तसला दाब आणि तसली उष्णता द्यायची. कार्बन धातूत विरघळतो आणि त्या कणावर थर चढत चढत हिरा वाढतो.

"आणि रंग?" राजेश्रीनं विचारलं.

रंग हाच तर वाद होता. केसांत नायट्रोजन असतो, तो आत राहिला की हिरा आपसूक पिवळसर होतो. यंत्रात बोरॉन घातलं की निळा. आणि गुलाबी हवा असेल तर पिवळा झालेला हिरा बाहेर काढून त्याच्यावर किरणांचा मारा करायचा आणि मग पुन्हा तापवायचा. विरेश फोनवरून म्हणाला, निळा. बन्सीधररावांनी भिंतीपलीकडून पुकारलं, "पिवळाच ठिवाऽ, हाळदीला शोभतोय!" राजेश्रीला गुलाबीच हवा होता, कारण जन्मला तेव्हा विरेश गुलाबी होता.

आईनं हातातला घास खाली ठेवला. "म्हंजे आदी भाजायचं, मंग दाबायचं, मंग किरनं मारायचे, आन् पुन्यांदा भाजायचं? आरं, ते केसं हायत का इटा? काय बिगडवलंय त्या बिचारीनं तुमचं?"

बिचारीनं! हा शब्द त्या वेळी आमच्या सगळ्यांच्या कानावरून गेला. जावळ कधी बिचारी असतं का? पण माझं लक्ष भाकरीकडं होतं.

काही महिन्यांनी डबी आली, सोबत आमचा रिकामा डबा आणि लाल फडकंही परत आलं. राजेश्रीनं दिवा लावला, कापसावरचं झाकण काढलं आणि मी चष्मा शोधायला धावलो, कारण मला डबी रिकामी वाटली. हिरा होता. तुरीच्या डाळीच्या अर्ध्या दाण्याएवढा. एवढा खटाटोप, एवढं प्रतिज्ञापत्र, मानवतभर झालेली एवढी शोभा, आणि हे एवढंसं? पण त्याच्यावर दिव्याचा उजेड पडला मात्र, आणि डाळिंबाच्या कोवळ्या दाण्यासारखा तो असा पेटला की मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. फळ्यावर इतकी वर्षं खडूनं काढलेला हिरा मी पहिल्यांदा खरा बघत होतो. राजेश्री रडली. तिनं तो गालाला लावला. "माझं बाळ गं ते," म्हणाली. आई भिंतीकडं तोंड करून पडली होती. "आई, बघ तरी," मी म्हणालो. ती म्हणाली, "बगितलंय म्या लय."

साखरपुडा वालूरला, अप्पांच्या दारात, मांडव घालून. जावळाचं गुपित आम्ही तिथंच सगळ्यांसमोर फोडायचं ठरवलं होतं. पण अप्पा व्यापारी माणूस. त्यांनी आपला नेहमीचा सराफ आधीच बोलावून ठेवलेला. अंगठी ताटात ठेवली न ठेवली तोच सराफानं खिशातून पेनासारखं यंत्र काढून खड्याला टेकवलं. यंत्र वाजलं. "हिरा हाय," सराफ म्हणाला. मांडवात बरं वाटल्याची कुजबुज झाली. मग त्यानं डोळ्याला भिंग लावलं आणि त्याचं तोंड बदललं. "पन हा खानीतला न्हाई, अप्पा. कडंला बारीक अक्षरं कोरलेत. हा लॅबमदला हाय. रंग बी वरून दिलेला."

अप्पांनी ताट माझ्याकडं सरकवलं.

"गुरुजी," अप्पा म्हणाले, "कारखान्यातला खडा? रंगवलेला? माज्या लेकराच्या बोटात?"

"अप्पा, रंगवलेला नव्हे हो, रंग आतूनच..." असं म्हणून मी उभा राहिलो आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट तास घेतला. खाणीतला आणि हा यांत अणूचाही फरक नाही, हे सांगितलं. बियाण्यासारखा ठेवलेला कण सांगितला, नायट्रोजन सांगितला. किरणांचा मारा सांगितला. आणि शेवटी, आवाज चढवून, हात पसरून सांगितलं की हा साधा हिरा नाही, हा माझ्या विरेशच्या जावळाचा हिरा आहे! नवरदेवाच्या स्वतःच्या केसांचा!

सगळ्या मांडवानं एकदम विरेशच्या डोक्याकडं बघितलं. त्यानं दोन्ही हातांनी फेटा धरला.

"म्हंजे बियानं प्रयोगशाळेचं, खत तुमचं," अप्पा म्हणाले. "मंग पीक कुनाचं? आन् केसं तुमच्या पोराचेच कशावरून? कोन बगितलंय? भट्टीत गेल्यावर म्हशीचे बी काळे आन् मानसाचे बी काळे. गुरुजी, ह्या भाऊबंदात माजी काय किंमत ऱ्हायली? न्हाई जमायचं. चला ईश्वरी, घरात चला."

ईश्वरी उठली नाही, पण तिचे डोळे भरले होते. विरेश गोरामोरा झाला होता. राजेश्री माझ्याकडं अशी बघत होती की, बोलून बसलात ना, आता निस्तरा. पोराचं लग्न माझ्या एका वाक्यावर आलं होतं आणि त्याच वाक्यावर मोडत होतं. माझ्या अंगात कुठून अवसान आलं कोण जाणे. समोर साखरपुडा लावायला आलेले जंगम स्वामी बसले होते, शेजारी माझी आई. मी म्हणालो, "अप्पा, माझी आई थोरली आहे. तो डबा तिच्या डोळ्यांदेखत आमच्या देवघरात होता. तिनं गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन सांगितलं तर पटेल?"

अप्पांनी स्वामींकडं बघितलं. स्वामींनी मान डोलावली. "लिंगावर कोन खोटं बोलंल?" अप्पा म्हणाले. "पटंल."

मी विजयी मुद्रेनं आईकडं वळलो. आईचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिनं गळ्यातली चांदीची डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं. ती त्या लिंगाकडं बघत राहिली, मग माझ्याकडं, मग राजेश्रीकडं.

"बोल आई. केस विरेशचे आहेत म्हण."

"न्हाईत," आई म्हणाली.

माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. खरंच सरकते. मी मांडवाच्या खांबाला धरलं.

"न्हाईत त्याचे," आई म्हणाली. "माजे हायत."

आईनं लिंगावर नजर ठेवून सांगितलं, लहान लेकरासारखं, अडखळत. विरेशचं जावळ काढलं आणि महिन्याभरात तो तापला. ताप उतरेना. डोळे फिरवायला लागला. परभणीच्या दवाखान्यात राजेश्री त्याला उरावर घेऊन बसलेली. "तवा मला वाटलं, गंगंचं गंगंला दिलं न्हाई, म्हनून हे झालं. कुनाला सांगू? सुनंला सांगावं तर तिचा जीव त्या डब्यात. ह्याला सांगावं," तिनं माझ्याकडं हात केला, "तर हे मास्तर. निस्तं हसलं आसतं. मंग बहिनीकडं जाते म्हनले आन् येष्टीनं गंगाखेडला गेले. गंगंत सोडलं लेकराचं जावळ. चार दिसानं ताप उतरला. कशानं उतरला ते गंगंला ठावं, न्हाईतर डाक्टरला. पन डबा रिकामा बगून हिचं काळीज फाटलं आसतं. तवा माजे केसं काळे व्हते. खोबनीतली गुंतवळ काडली, लाल फडक्यात बांदली आन् ठिवली."

राजेश्री उभी राहिली. तोंड उघडं, हात हवेत.

"म्हणजे," ती म्हणाली, "मी एवढी वर्षं दर वाढदिवसाला... सासूबाईंच्या गुंतवळीचा वास घेत होते?"

मांडवात कुणीतरी फिस्सकन् हसलं आणि गप झालं. राजेश्री मटकन खाली बसली. तिला रडू येत होतं की काय येत होतं, तिलाच कळत नसावं. तिचं लेकरू तिच्या हातात होतं म्हणून ती पंचवीस वर्षं जपत होती, आणि ते केव्हाच वाहून गेलं होतं. मी तिच्याकडं बघायचं टाळलं. वरून माझ्या सहीचं प्रतिज्ञापत्र! अन्य कोणाचाही हक्क नाही!

अप्पा काहीतरी बोलायला गेले. तेवढ्यात ईश्वरी उठली. सरळ आईसमोर येऊन बसली आणि ताटातली अंगठी उचलून तिच्या हातात दिली.

"आज्जी, तुमीच घाला."

"आगं, म्हातारीचे केसं हायत ते, पोरी."

"आसू द्या की. ह्यांचे केसं डोक्यावर सुद्दा टिकले न्हाईत, बोटात काय टिकनार?"

सगळा मांडव फुटला. विरेशसुद्धा हसला, फेटा धरूनच. आईचे हात एवढे कापत होते की अंगठी दोनदा खाली पडली आणि अंगठीसाठी दोन्हीकडचे पाहुणे सतरंजीवर रांगले. तिसऱ्यांदा ती बोटात गेली. स्वामींनी अक्षता टाकल्या. महारुद्रअप्पांनी उपरण्यानं डोळे टिपले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सोयरीक मोडायला आली तरी लिंग हातात घेऊन म्हातारी खोटं बोलली न्हाई. आशा घरात पोरगी द्यायला मला काई अडचन न्हाई. हिरा कुटला का आसंना." मला मात्र त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं की लग्नात भाषण करायचं नाही.

परतताना गाडीत राजेश्री खिडकीकडं तोंड करून बसली होती. आईची तिच्याकडं बघायची हिंमत नव्हती. पाथरीचा फाटा आला तेव्हा राजेश्री न वळताच म्हणाली, "गंगाखेडला कुठं सोडलंत?"

"देवळापाशी. पायऱ्यावर."

"पाणी होतं?"

"लय व्हतं. भरून चालली व्हती. उल्सं गाठोडं, बगता बगता गेलं."

राजेश्रीनं पदर डोळ्याला लावला. मग तिनं आईचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि तसाच धरून ठेवला. पुढं बसलेल्या मला काही बोलायचं होतं, पण आता मी शहाणा झालो होतो.

लग्न होऊन गेलं. परवा दुपारी मी वह्या तपासत बसलो होतो, आई उंबऱ्यात केस विंचरत होती. आता ते पांढरे आहेत, कापसासारखे. तिनं फणीतले केस सवयीनं बोटाला गुंडाळले आणि खोबणीकडं हात नेला. राजेश्री आतून तो पेढ्याचा पत्र्याचा डबा घेऊन आली. लाल फडकं धुऊन घातलेलं. तिनं तो आईसमोर उघडा धरला. आईनं ती पांढरी गुंतवळ हळूच त्यात ठेवली.

आणि नेमकी तेव्हाच गल्लीत आरोळी आली, "केसावर भांडीऽऽ!" डोक्यावर भांड्यांची पाटी घेतलेली बाई आमच्या दारात थांबली. "काय नीलम्मा, हाय का काई?"

राजेश्रीनं डब्याचं झाकण लावलं, डबा छातीशी धरला आणि दारात आडवी उभी राहिली.

"ह्या घरातली गुंतवळ आता विकायची नाही," ती म्हणाली. "पुढं जा."

"आगं आगं," आई पाठीमागून ओरडली, "हाकलू नको! परातीला किती केसं म्हनते ते तरी इच्चार!"